चमकते ते सारे युरेनियम नव्हे

चंद्रपूर आणि गडचिरोली हे एकेकाळी एकाच जिल्ह्याचे भाग होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी प्रशासनाच्या सोयीसाठी त्यांचे विभाजन झाले. जंगल आणि त्याखालचा खडक मात्र अखंडच राहिला. कोळसा, चुनखडी, लोहखनिज, तांबे, बराइट, फ्ल्युओराइट अशी या पट्ट्यातील खनिजांची यादी लांबलचक आहे. या भागाच्या भूगर्भाविषयी बोलणे निघाले की आणखी एक नाव हलक्या आवाजात घेतले जाते. ते म्हणजे युरेनियम. अतिनील किरणांचा छोटा टॉर्च आता घरबसल्या मागवता येतो. तो हाती आला, की अंधारात हिरवागार उजळणारा दगड म्हणजे युरेनियमच, अशी समजूत सहज होते. ही समजूत निम्मी खरी आहे आणि म्हणूनच अधिक फसवी आहे.

या समजुतीच्या मुळाशी जे खनिज आहे त्याचे नाव ऑट्यूनाइट. फ्रान्समधील ओतँ या गावावरून ते पडले. रासायनिकदृष्ट्या ते कॅल्शियम, युरेनियम आणि फॉस्फेट यांचे पाणी धरून ठेवणारे संयुग होय. दिवसाच्या उजेडात ते लिंबासारखे पिवळे किंवा पोपटी दिसते. त्याचे स्फटिक पातळ व चौकोनी असून अभ्रकाप्रमाणे पापुद्र्यांत सुटतात. खडकाच्या भेगेत कोणी पिवळ्या अभ्रकाचा चुरा चिकटवून ठेवावा, तसे ते दिसते. अतिनील प्रकाश पडताच मात्र त्याचे रूप पालटते. जर्द पिवळसर हिरव्या रंगाने ते असे उजळते, की एकदा पाहिलेला माणूस तो रंग विसरत नाही. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन पर्वतावरील डेब्रेक खाणीतून निघालेले ऑट्यूनाइटचे नमुने जगभरातील संग्रहालयांत मानाने मांडलेले आहेत.

उजेडाची गोष्ट

डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घ्यायचा आणि तो दृश्य रंगाच्या रूपाने परत करायचा, या गुणधर्माला अनुदीप्ती किंवा फ्लुओरेसन्स म्हणतात. हे इंग्रजी नाव १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने दिले आणि त्यासाठी त्याने आधार घेतला तो फ्ल्युओराइट या खनिजाच्या नावाचा. ज्या खनिजामुळे या गुणधर्माला नाव मिळाले, ते चंद्रपूर जिल्ह्याच्या खनिजनोंदीत आहे हा योगायोगच. त्याच जिल्ह्यातील अनेक गावांच्या हातपंपांना फ्लोराइडयुक्त पाणी येते, ही त्या नात्याची कडवट बाजू.

युरेनियमच्या बाबतीत हा उजेड देणारा घटक म्हणजे युरेनिल. युरेनियमचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन अणू मिळून तो बनतो. खडकातील मूळ युरेनियमवर हवा आणि पाणी यांचा परिणाम होऊन ते युरेनिलच्या रूपात आले, तरच चमक दिसते. आणखी महत्त्वाची बाब अशी, की या चमकेचा किरणोत्सर्गाशी थेट संबंध नाही. युरेनियमचा अणू फुटतो म्हणून दगड चमकत नाही. बाहेरून टाकलेला प्रकाश तो वेगळ्या रंगात परत करतो, इतकेच. दिवा बंद केला की उजेडही संपतो. किरणोत्सर्ग मात्र अंधारातही चालूच राहतो.

या दोन गोष्टींची गल्लत एका थोर शास्त्रज्ञाचीही झाली होती आणि तिच्यातून विज्ञानाचे भलेच झाले. १८९६ मध्ये पॅरिसमध्ये आँरी बेकरेल युरेनियमच्या चमकणाऱ्या क्षारांवर प्रयोग करीत होते. सूर्यप्रकाशाने चमकणारे पदार्थ क्ष-किरणेही सोडत असावेत, असा त्यांचा तर्क होता. आकाश ढगाळ असल्याने त्यांनी क्षार आणि छायाचित्राची काच खणात ठेवून दिली. काही दिवसांनी ती काच धुऊन पाहिली तेव्हा ऊन न लागताही तिच्यावर ठसा उमटलेला दिसला. पुढे न चमकणाऱ्या युरेनियम संयुगांनीही तोच परिणाम घडवला. चमक आणि किरणोत्सर्ग यांची फारकत तेथेच झाली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे उलटली, तरी चित्रपटांतील युरेनियम अजून हिरवेच चमकते.

खडक कोणता?

महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने, म्हणजे काळ्या कातळाने व्यापलेला आहे. या खडकाच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक सापडतात. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळेशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे आणि नाशिक परिसरातील पॉवेलाइट अतिनील प्रकाशात पिवळे उजळते. पण बेसॉल्टमध्ये युरेनियमचे प्रमाण अगदी नगण्य असते. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या खदानींत संग्राहकांनी कमावलेली नजर युरेनियमच्या कामी येत नाही.

पूर्व विदर्भात गेले की भूगर्भाचा पोत बदलतो. चंद्रपूरच्या पश्चिम कडेला बेसॉल्टचे आवरण विरते. मग कोळसा पोटात घेतलेले गोंडवन काळातील वालुकाश्म आणि सिमेंट कारखान्यांना पोसणारी चुनखडी लागते. आणखी पूर्वेला, गडचिरोलीत, अडीच-तीनशे कोटी वर्षांपूर्वीचे पट्टिताश्म आणि ग्रॅनाइट उघडे पडतात. सुरजागडचे लोहखनिजही याच प्राचीन खडकांच्या कुळातले. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम बेसॉल्टच्या कित्येक पट असते. भेगांमधून झिरपणारे पाणी ते विरघळवते, पुढे वाहून नेते आणि फॉस्फेट भेटले की ऑट्यूनाइटसारख्या खनिजाच्या रूपात पुन्हा जमवते.

हा निव्वळ पुस्तकी तर्क नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडच्या राजनांदगाव भागातील बोदल येथे अणुखनिज संचालनालयाने युरेनियमचा साठा शोधलेला आहे. राज्यांच्या सीमा भूगर्भाला ठाऊक नसतात. तरीही साठा शोधणे आणि खाण सुरू होणे यांत फार मोठे अंतर असते. महाराष्ट्रात युरेनियमची एकही खाण नाही. देशातील खाणकाम झारखंडचा सिंहभूम पट्टा आणि आंध्र प्रदेशातील तुम्मलपल्ले येथे एकवटलेले आहे. भारतीय खनिजात युरेनियमचा अंश सामान्यतः १ टक्क्याच्या एक दशांशाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे टनभर दगड फोडावा तेव्हा किलोभर युरेनियम हाती लागणार.

रात्रीच्या जंगलात काय काय चमकते

अतिनील टॉर्च घेऊन झाडीपट्टीतील एखाद्या माळावर रात्री उभे राहिल्यास सर्वप्रथम जे हिरवट निळे चमकेल, तो बहुधा विंचू असेल. विंचवाच्या कवचातील काही द्रव्ये अतिनील प्रकाशात झळाळतात आणि हा प्रकाश काही मीटरांवरूनही दिसतो. खडकावरचे काही दगडफूल नारिंगी किंवा पिवळे दिसते. नायलॉनचा धागा, प्लास्टिकचा तुकडा, साबणाच्या भुकटीने धुतलेल्या कपड्याचे सूत हे सगळे निळसर पांढरे उजळते. दगडांची पाळी यानंतर येते.

कॅल्साइट लाल, गुलाबी किंवा पांढरट दिसते आणि त्याचे काही प्रकार दिवा विझल्यावरही क्षणभर उजळत राहतात. फ्ल्युओराइट बहुधा निळे किंवा जांभळे दिसते. टंगस्टनचे शीलाइट हे खनिज आखूड लहरींच्या अतिनील प्रकाशात निळसर पांढरे होते. त्याचा शोध घेण्यासाठी भूशास्त्रज्ञ मुद्दाम रात्रीच दिवे घेऊन बाहेर पडतात. नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबणा परिसराची टंगस्टनसाठी नोंद आहेच. सर्वांत मोठा बहुरूपी म्हणजे काचेसारखा दिसणारा हायलाइट ओपल. तो थेट ऑट्यूनाइटसारखाच हिरवा चमकतो, कारण त्यातही युरेनिल असते. मात्र त्याचे प्रमाण इतके अत्यल्प, की मोजणी यंत्राला सहसा त्याची दखलही घ्यावी लागत नाही.

आता उलट बाजू. युरेनियमचे मुख्य धातुक म्हणजे युरेनिनाइट आणि त्याचाच डांबरासारखा काळा प्रकार पिचब्लेंड. ते अजिबात चमकत नाहीत. टॉर्बर्नाइट हे ऑट्यूनाइटचे सख्खे भावंड. त्यात कॅल्शियमच्या जागी तांबे असते. ते पाचूसारखे हिरवे आणि चांगलेच किरणोत्सर्गी असूनही अतिनील प्रकाशात मंदच राहते, कारण तांबे ही चमक मारून टाकते. तेव्हा केवळ टॉर्चच्या भरवशावर शोध घेणारा माणूस निरुपद्रवी ओपल घरी आणील आणि पायाखालचा पिचब्लेंड ओलांडून पुढे जाईल.

टॉर्चचीही एक गोम आहे. बाजारातील स्वस्त टॉर्च बहुतेक ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांच्यातून जांभळा दृश्य प्रकाशच इतका बाहेर पडतो, की प्रत्येक फिकट दगड चमकल्याचा भास होतो. खनिज पाहण्यासाठी ३६५ नॅनोमीटरचा आणि दृश्य प्रकाश गाळणारी काच बसवलेला दिवा लागतो. २५४ नॅनोमीटरचे आखूड लहरींचे दिवे डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात. ते चष्म्याशिवाय वापरू नयेत. ऑट्यूनाइट दोन्ही प्रकाशांत उजळते.

खात्री कशी होते

जाणकार भूशास्त्रज्ञ चमकेला साक्षीदार मानतो, न्यायाधीश मानीत नाही. पहिली कसोटी खडकाची. पिवळे पापुद्रे ग्रॅनाइटच्या किंवा पेग्मटाइटच्या भेगेत असतील तर पुढे जाण्यात अर्थ आहे. बिहारमधील सिंगरच्या अभ्रक पट्ट्यात पिचब्लेंडचे गोळे आणि त्यांच्याभोवती युरेनियमची पिवळी खनिजे अशाच पेग्मटाइटमध्ये मिळाली होती. दुसरी कसोटी किरणोत्सर्गाची. गायगर काउंटर किंवा त्याहून संवेदनक्षम असा सिंटिलोमीटर दगडाजवळ नेल्यावर परिसरातील नेहमीच्या मोजणीच्या कित्येक पट आकडा दाखवतो की नाही, हे पाहिले जाते. एवढ्यानेही काम भागत नाही. थोरियमसुद्धा काउंटरला तितकेच टिकटिकायला लावते. युरेनियम आणि थोरियम यांतील फरक गॅमा वर्णपट मोजणाऱ्या उपकरणाने कळतो आणि खनिज नेमके कोणते, हे क्ष-किरण विवर्तनाच्या चाचणीने ठरते.

जुन्या काळच्या प्रयोगशाळांत एक सुटसुटीत कसोटी होती. प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला सोडियम फ्लोराइडचा मणी वितळवायचा, त्यात खनिजाचा कण मिसळायचा आणि मणी गार झाल्यावर अतिनील दिव्याखाली धरायचा. युरेनियम असल्यास मणी पिवळसर हिरवा उजळतो. या कसोटीत पिचब्लेंडही सुटत नाही, हे तिचे वैशिष्ट्य.

याच तत्त्वाचे आधुनिक रूप आज जमिनीखालच्या पाण्याच्या तपासणीत वापरले जाते. पाण्याच्या नमुन्यावर अतिनील प्रकाशाचे झोत टाकून युरेनिलची हिरवी चमक मोजली जाते आणि लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये युरेनियमचे प्रमाण काढले जाते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅमची आहे. दुर्मीळ स्फटिकाच्या कुतूहलापेक्षा बोअरवेलच्या पाण्यावर जगणाऱ्या गावांना या मोजणीचे मोल अधिक. पोटात गेलेल्या युरेनियमचा पहिला घाला किरणोत्सर्गाचा नसून रासायनिक विषाचा असतो, आणि तो मूत्रपिंडांवर पडतो.

उचलावा की नाही

येथे हौशी संग्राहकाची गाठ कायद्याशी पडते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने वनोपजाच्या व्याख्येत लाकूड-मधाबरोबर जंगलातील खडक आणि खनिजेही धरली आहेत. राखीव वनातून परवानगीशिवाय दगड उचलणे म्हणजे वनोपज हलवणेच होय. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प किंवा चपराळा, भामरागड यांसारखी अभयारण्ये असली, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यावर आणखी कडक पहारा बसवतो. गडचिरोलीच्या क्षेत्राचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित असल्याने या कायद्यांच्या बाहेरची मोकळी जागा तशी थोडीच उरते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि अशा अनेक ग्रामसभांनी पुढे बांबू-तेंदूवर आपला हक्क बजावला. मात्र वनहक्क कायद्यातील गौण वनोपज ही वनस्पतिजन्य आहे. खनिजे तिच्यात येत नाहीत.

युरेनियमचा मामला याहूनही वेगळा. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या चौथ्या कलमाने, कोणालाही देशात युरेनियम किंवा थोरियम आढळल्यास ३ महिन्यांच्या आत केंद्र सरकारला लेखी कळवण्याचे बंधन घातले होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला आणि अणुवीज क्षेत्राचे दार खासगी कंपन्यांना किलकिले झाले. किरणोत्सर्गी पदार्थ बाळगण्यावरचे परवान्याचे बंधन मात्र तेथेही सुटलेले नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात चित्र नेमके उलटे होते. सरकारनेच बक्षिसे लावली होती, दुकानांतून गायगर काउंटर विकले जात होते आणि १९५२ मध्ये चार्ली स्टीन या कफल्लक भूशास्त्रज्ञाला युटा राज्यात मोठा साठा सापडून तो रातोरात कोट्यधीश झाला. भारताने हा शोध पहिल्यापासून सरकारी हाती ठेवला. १९४९ मध्ये दाराशा नोशेरवान वाडिया यांच्या नेतृत्वाखाली दुर्मीळ खनिजांच्या सर्वेक्षणाचे पथक उभे राहिले. आजचे अणुखनिज संचालनालय हा त्याचाच विस्तार. त्याचे मुख्यालय हैदराबादेत, तर मध्य विभागाचे कार्यालय नागपुरात आहे.

कायद्याइतकाच मोठा धोका फसवणुकीचा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सुमारे ९ किलो क्षीण युरेनियम पकडले. मे २०२१ मध्ये दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत दोघांना अटक करून ७ किलोंहून अधिक नैसर्गिक युरेनियम जप्त केल्याचे जाहीर केले. भाभा अणुसंशोधन केंद्राने ते युरेनियम असल्याला दुजोरा दिला. त्या मालाची किंमत २१ कोटी रुपये सांगितली गेली. या आकड्याचा थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या सुमारास आंतरराष्ट्रीय बाजारात युरेनियम ऑक्साइडचा भाव पौंडाला ३० डॉलरच्या आसपास होता. त्या भावाने ७ किलो युरेनियमचे ५० हजार रुपयेही होत नाहीत! कोट्यवधींचा भाव फक्त चोरबाजारातील कुजबुजीत असतो. जंगलातील दगड दाखवून आगाऊ रक्कम उकळणाऱ्यांचे भांडवलही हीच कुजबूज असते. ज्या दगडात शेकडा पाव भागही युरेनियम नाही, त्याची पिशवीभर किंमत काय होणार, हे कोणीही ताडू शकेल.

शास्त्राच्या दृष्टीने तर जागेवरून उखडलेला दगड निम्मा मुका होतो. ऑट्यूनाइट हा पृष्ठभागाजवळचा खुणेचा दगड आहे. मूळ युरेनियम त्याच्या थेट खाली असेल किंवा पावसाच्या पाण्याने ते दूरच्या टेकडीवरून आलेले असेल. हे ठरते ते भेगेची दिशा, आजूबाजूचा खडक आणि उतार पाहून. हौशी माणसाने हातोडी मारून स्फटिक काढला, की हा सगळा पुरावा तिथेच राहतो आणि पुष्कळदा जागाही विसरली जाते.

आरोग्याबाबत बाऊ करण्याचे कारण नाही, पण हलगर्जीपणाही नको. युरेनियमचा निम्मा भाग क्षय पावायला सुमारे ४५० कोटी वर्षे लागतात, म्हणजे तो अत्यंत संथपणे किरणोत्सर्ग करतो. त्याचे अल्फा कण त्वचेच्या बाहेरच अडतात. क्षणभर हाताळलेल्या नमुन्याने कोणाला काही होत नाही. धोका आहे तो धुळीचा. ऑट्यूनाइट कोरड्या हवेत आपले पाणी गमावते, त्याचे पापुद्रे सुटतात आणि भुकटी होते. ती श्वासावाटे फुप्फुसांत गेली तर तेच अल्फा कण आतून इजा करतात. शिवाय युरेनियमपासून रेडॉन हा वायू सतत निर्माण होत असतो आणि बंद कपाटात तो साठतो. म्हणून खनिजाची नखाने किंवा सुरीने कठिनता तपासणे, ते कुटणे, चाटून पाहणे हे नेहमीचे हौशी प्रयोग येथे वर्ज्य समजावेत.

गिट्टी खदानीत, विहिरीच्या खोदकामात किंवा बोअरवेलच्या मुरमात पिवळे, पापुद्र्यांचे, अतिनील प्रकाशात हिरवे उजळणारे काही दिसलेच, तर ते जागेवरच ठेवावे. पट्टी किंवा नाणे शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडातील आणि अतिनील प्रकाशातील अशी दोन छायाचित्रे घ्यावीत. मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपावेत, खडकाचा रंग आणि भेगेची दिशा लिहून ठेवावी, हात साबणाने धुवावेत. ही माहिती नागपूर येथील अणुखनिज संचालनालयाच्या कार्यालयाला लेखी कळवावी. जागा वनहद्दीत असल्यास वनरक्षकालाही सांगावे. दगड आधीच घरी आणलेला असेल, तर तो झाकणाच्या प्लास्टिक डबीत ठेवून, वर चिठ्ठी लावून, झोपण्याच्या खोलीपासून व मुलांपासून दूर ठेवावा आणि त्याच पत्रात त्याचा उल्लेख करावा. तो टपालाने पाठवू नये, आणि कोणाला विकत तर मुळीच देऊ नये.